दहावीनंतर प्लंबरचं आयटीआय करावं, की थेट मिस्त्रीच्या हाताखाली जावं? पाईप फिटर वेगळा असतो का?

ताई, तुमचा धाकटा भाऊ ५१ टक्क्यांनी दहावी पास झालाय, आयटीआयला प्लंबर ट्रेड मिळेलसं दिसतंय, आणि घरात दोन मतं आहेत. वर्षभर कोर्स करावा, की ओळखीच्या मिस्त्रीकडे उद्यापासूनच कामाला जावं. पाईप फिटर म्हणजे प्लंबरच का, हेही तुम्ही विचारलंय. मी आधी मिस्त्रीच्या हाताखाली तीन वर्षं काढली आणि मग आयटीआय केलं, म्हणून दोन्हीकडचं सांगतो. त्याला आयटीआयला घाला.

मिस्त्रीकडे हात लवकर बसतो हे खरं. पहिल्याच महिन्यात मी जीआय म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपला डायने आटे पाडायला आणि गळू नये म्हणून सूत-सफेदा लावून सॉकेट आवळायला शिकलो. पण टेप कायम मिस्त्रीच्या खिशात. माप ते घेणार, कापणार मी. तीन वर्षांत कितीतरी फ्लोअर ट्रॅप, म्हणजे बाथरूमच्या जाळीखालची पाणी धरून ठेवणारी भांडी, बसवले, पण ट्रॅपमध्ये पाणी का थांबवून ठेवायचं हे मला ठाऊक नव्हतं. आयटीआयच्या निदेशकांनी एक दिवस फळ्यावर ट्रॅप काढून दाखवला. ते ५० मिलिमीटर पाणी ड्रेनेजमधली हवा घरात येऊ देत नाही. महिनाभर गावाला जाऊन आलं की बाथरूमला वास मारतो, कारण ते पाणी सुकून गेलेलं असतं. बादलीभर पाणी ओतलं की वास थांबतो. आणि व्हेंट पाईप, म्हणजे ड्रेनेजमध्ये हवा खेळती ठेवणारा पाईप, दिला नसेल तर वरच्या मजल्यावरचा फ्लश खालच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतो. त्या एका तासात माझ्या तीन वर्षांच्या कामाचा मला अर्थ लागला. उताराचंही तेच. १०० मिलिमीटरच्या आडव्या ड्रेनेज लाईनला साधारण ४० ला १ उतार, म्हणजे तीन मीटरला ७५ मिलिमीटर. मिस्त्री नजरेने देत होते, बहुतेक वेळा बरोबरही यायचा. पण नजर दुसऱ्याला शिकवता येत नाही, पाणसळ आणि टेप शिकवता येतात.

प्लंबर ट्रेड एक वर्षाचा आहे. त्यात थोडं गवंडीकाम, सुतारकाम, गॅस वेल्डिंगही करून घेतात. पोरं त्याला कंटाळतात, पण आपलं निम्मं काम दुसऱ्याच्या भिंतीत चालतं, तेव्हा ते मन लावून करायला सांगा. पास झाल्यावर अ‍ॅप्रेंटिसशिप करावी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली विद्यावेतन मिळतं, आणि त्याचं प्रमाणपत्र वेगळं. मिस्त्रीकडे जायचंच असेल तर संध्याकाळी आणि सुट्टीत जाऊ दे. दोन्ही एकत्र चाललं तर पोरगं झपाट्याने तयार होतं.

आता पाईप फिटर. तो वेगळा. प्लंबर इमारतीत पाणी आणतो आणि सांडपाणी बाहेर काढतो. पाईप फिटर कारखान्यात वाफ, तेल, केमिकल यांच्या दाबाखालच्या लाईन बांधतो. आमच्या सांगली-कोल्हापूर भागात गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यांच्या स्टीम लाईन दुरुस्तीला निघतात, तिथे मी हे काम जवळून पाहिलं आणि पुढे शिकलो. तिथे वेल्डर जोडतो, पण पाईप कुठे कापायचा हे फिटर ठरवतो. हातात आयसोमेट्रिक ड्रॉइंग, म्हणजे लाईनची तिन्ही दिशा एकत्र दाखवणारं चित्र असतं, आणि त्यावरून गणित मांडावं लागतं.

एक उदाहरण देतो. ४ इंची लाईन दोन ४५ अंशांचे एल्बो (वाकण्याचे जोड) लावून ३०० मिलिमीटर बाजूला सरकवायची आहे. मधला पाईप केवढा कापायचा? ४५ अंशांसाठी १.४१४ ने गुणायचं. ३०० गुणिले १.४१४ म्हणजे ४२४, हे झालं एल्बोच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. ४ इंची ४५ च्या एल्बोचं मध्यापासून टोकापर्यंतचं माप ६४. दोन्ही बाजूंचे १२८ वजा केले. वेल्डिंगसाठी दोन्हीकडे ३-३ मिलिमीटर फट ठेवली, ते आणखी ६ गेले. राहिले २९०. इथे चूक झाली तर महागडा पाईप भंगारात जातो. हे ज्याला जमतं त्याला शटडाऊनच्या, म्हणजे कारखाना बंद ठेवून करायच्या दुरुस्तीच्या कामांत आधी बोलावणं येतं आणि मजुरीही जास्त मिळते.

या बाजूला यायचं असेल तर दोन वर्षांचा फिटर ट्रेड चांगला. वेल्डर एक वर्षाचा आहे, तोही चालतो. प्लंबर केलेला मुलगा इकडे येऊ शकतो, मी आलो, फक्त ड्रॉइंग वेगळं शिकावं लागतं.

कुठेही गेला तरी एक सवय पहिल्या दिवसापासून लावा, टेस्टिंगची. सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिक पाईपचा जोड दिसायला सोपा असतो. पाईप सरळ कापायचा, कड घासायची, सॉकेटमध्ये किती आत जातो त्याची खूण करायची, सोल्युशन लावून पाव फेरा देत आत सारायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचा. धरला नाही तर तो हळूच मागे सरकतो, आणि वरून काही कळत नाही. एका साईटवर ठेकेदाराने घाईने टेस्ट न करता टाइल्स लावायला सांगितलं. मी तेव्हा नवा होतो, गप्प बसलो. चार महिन्यांनी खालच्या घराच्या छताला ओल आली आणि त्या कुटुंबाचं नवं बाथरूम फोडावं लागलं. त्या घरातल्या आजींचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून लाईनमधली हवा काढून, हातपंपाने दाब देऊन, गेजचा काटा स्थिर आहे हे मालकाला दाखवल्याशिवाय मी भिंत बुजवू देत नाही.

आणखी एक, हे त्याला आत्ताच बजावून ठेवा. सेप्टिक टँक किंवा ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरायला कोणी सांगितलं तर उतरायचं नाही, रोजगार बुडाला तरी चालेल. आतल्या विषारी वायूने आधी नाक बधिर होतं, म्हणून वास गेला तर वायूही गेला असं वाटतं. अशा सफाईवर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी नवख्या पोरांना आजही पुढे करतात.

कामाची चिंता करू नका. बऱ्याच महापालिकांत नळजोडाचं काम परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्यावं लागतं, आणि परवान्यासाठी हे प्रमाणपत्र कामी येतं. आखातात जायचं झालं तर तो दहावी पास आहे हे फार बरं झालं, पासपोर्टवर एमिग्रेशन क्लिअरन्सची, म्हणजे कामासाठी देश सोडायच्या सरकारी परवानगीची अट लागत नाही. एजंट मात्र सरकारकडे नोंदणी केलेलाच पाहा. त्याला ३०,००० रुपये आणि जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. लाखभर मागणाऱ्याच्या दारात उभं राहू नका.

फॉर्म भरण्याआधी एक करा. वरचं गणित त्याला समजावून सांगा आणि लाईन ५०० मिलिमीटर सरकवायची असं धरून पुन्हा सोडवायला द्या. उत्तर ५७३ यायला हवं. चुकलं तरी हरकत नाही, पण कागद घेऊन तो पुन्हा पुन्हा बसला तर पसंतीक्रमात फिटर पहिला आणि प्लंबर दुसरा टाका. कंटाळला तर प्लंबर पहिला टाका.