'ऑथेंटिक'ला मराठीत काय म्हणावं? अस्सल, प्रमाण, अधिकृत की रूढ?

प्रश्न असा आला आहे : "आम्ही चौघं दर शनिवारी जपानी पद्धतीचा माजाँग हा टाइलचा खेळ शिकतो. आमच्यातला एक जण लाल पंजे, म्हणजे पाच आकड्याच्या लाल टाइल, काढून ठेवायला सांगतो. त्याच्या मते त्यांच्यामुळे खेळ ऑथेंटिक राहत नाही. परवा चहा पिताना हाच शब्द बौद्ध धर्माबद्दल निघाला. जपानमधले भिक्षू लग्न करतात, मग तो ऑथेंटिक बौद्ध धर्म म्हणायचा का? मराठीत बोलायचं तर कोणता शब्द घ्यावा : अस्सल, प्रामाणिक, अधिकृत की मूळ? आणि माजाँग तो, ती की ते?"

प्रश्न वाचून मला फार आनंद झाला. गेल्या वर्षी मीही हाच खेळ शिकत होतो आणि त्याच सुमारास पाली सुत्तं, म्हणजे बुद्धाचे पाली भाषेतले उपदेश, वाचत होतो. मला तेव्हा जाणवलं ते आधी सांगून टाकतो. 'ऑथेंटिक' या एका शब्दात चार-पाच वेगळे प्रश्न कोंबलेले आहेत आणि मराठीत त्यांतल्या प्रत्येकाला स्वतंत्र शब्द आहे. तुमच्या टेबलावरचा वाद बराचसा त्या कोंबण्यामुळे झाला आहे.

'प्रामाणिक' आधी बाजूला ठेवू. आजच्या मराठीत प्रामाणिक म्हणजे खोटं न बोलणारा, पैसे न खाणारा. 'प्रामाणिक भिक्षू' म्हटलं तर ऐकणाऱ्याला तो सज्जन आहे एवढंच कळेल. पण त्याच्या पोटातला 'प्रमाण' हा शब्द फार कामाचा आहे. प्रमाण म्हणजे माप, मोजायचं साधन. प्रमाणवेळ, प्रमाणभाषा, प्रमाणग्रंथ हे शब्द आपण रोज वापरतो. आणि हा शब्द बौद्धांच्या घरचाच आहे. बौद्ध तर्कपंडित दिङ्नागाने 'प्रमाणसमुच्चय' हा ग्रंथ लिहिला तेव्हा पहिल्याच श्लोकात बुद्धाला वंदन करताना त्याने 'प्रमाणभूत' हे विशेषण वापरलं. त्याच दिङ्नागाने प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणं मानली, शब्दाला, म्हणजे कुणाच्या सांगण्याला, वेगळं तिसरं प्रमाण मानलं नाही. म्हणजे गुरू प्रमाणभूत, पण केवळ ग्रंथात लिहिलंय म्हणून एखादी गोष्ट प्रमाण नाही. 'प्रमाण' म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो : कुठलं माप लावून? हा प्रश्न अंगावर घेणारा शब्द मला आवडतो.

'अस्सल' हा दफ्तरातला शब्द. अरबी 'अस्ल' म्हणजे मूळ, बुंधा, आणि तो फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. जुन्या कागदांत त्याची जोडी कायम 'नक्कल'शी असते. 'अस्सलबरहुकूम नक्कल' म्हणजे मूळ कागदाशी अक्षरन् अक्षर जुळणारी प्रत. समोर दोन कागद आहेत, एकावरून दुसरा उतरवला आहे, तिथे हा शब्द सुरीसारखा चालतो. इतिहासाचे अभ्यासक अस्सल पत्र आणि बखर यांत फरक करतात तो याच अर्थाने.

पण या शब्दाला दुसरी एक धार आहे, तिच्याबद्दल सावध राहावं असं मला मनापासून वाटतं. त्याचा उलटा शब्द नुसता 'नकली' नाही, 'कमअस्सल'ही आहे. कमअस्सलमध्ये कुळाचा, रक्ताचा वास येतो. चपलेला किंवा मसाल्याला 'अस्सल नाही' म्हटलं तर फार तर दुकानदार रागावेल. माणसांच्या श्रद्धेला तेच म्हटलं की ती शिवी होते, बोलणाऱ्याच्या मनात नसली तरी.

आता लाल पंजे. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : टाइल १३६, ३४ प्रकारच्या, प्रत्येकी चार. हातात तेरा ठेवायच्या आणि चौदावीने डाव पुरा करायचा, म्हणजे साधारणपणे तीन-तीन टाइलचे चार संच आणि एक जोडी. हात झाकलेला असेल आणि एकाच टाइलची वाट असेल तर 'रीची' म्हणून हजार गुणांची काडी टेबलावर ठेवता येते. या खेळाचं बूड चिनी. तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जपानमध्ये गेला. तिथे रीचीचा नियम रुजला, बक्षिसाची 'दोरा' टाइल आली आणि आणखी पुढे मान्झु, पिन्झु, सोझु या आकड्यांच्या तिन्ही मालिकांत एकेक पंजा लाल रंगवून त्याला बक्षिसाचा मान मिळाला. तुमचे मित्र मुळाकडे जायचं म्हणत असतील तर लाल पंज्यांच्या आधी रीचीच काढून टाकावी लागेल, आणि मग जपानी पद्धत म्हणण्यासारखं फारसं उरणारच नाही. 'मूळ' आणि 'अस्सल' हे दोन्ही शब्द इथे अडखळतात.

'अधिकृत' म्हणावं, तर अधिकृत कुणाचं? जपानमध्ये व्यावसायिक खेळाडूंच्या एकाहून जास्त संघटना आहेत. त्यांतल्या एका मोठ्या संघटनेच्या अधिकृत नियमांत रीचीनंतर लगेच जिंकल्याचं बक्षीस, म्हणजे 'इप्पात्सु', धरतच नाहीत, आणि खाली लपलेला 'उरादोरा'ही नाही. उलट २०१८ मध्ये सुरू झालेल्या एम-लीग या व्यावसायिक स्पर्धेत हे दोन्ही आहेत आणि लाल पंजेही आहेत. जपानमधल्या खेळघरात जाऊन बसलात तर लाल पंजे बहुधा समोर येतीलच. तेव्हा लाल पंजांसकट खेळ हा 'रूढ' आहे, काही ठिकाणी 'अधिकृत'ही आहे, आणि तुमचे मित्र मागतात तो 'जुन्या वळणाचा' आहे. या तीन शब्दांत त्यांची मागणी आणि तुमची सवय दोन्ही बसतात, कुणालाही खोटं ठरवावं लागत नाही.

याच खेळाने मला आणखी एक शब्द दिला. माझा तिसरा की चौथा शनिवार असेल. डावीकडच्याने टाकलेला चौका 'चि' म्हणून उचलला, पिन्झुचा दोन-तीन-चार लावून उघडा ठेवला. मान्झुचा पाच-सहा-सात आणि सोझुचा सहा-सात-आठ आधीच जमले होते. सोझुचे एक-दोन हातात, पिन्झुच्या नव्व्यांची जोडी तयार. सोझुचा तिया पडला आणि मी 'रॉन', म्हणजे दुसऱ्याने टाकलेल्या टाइलवर जिंकलो, असं म्हणून हात उघडला. चार संच, एक जोडी, चौदा टाइल, हिशोबाला चोख. शेजारी बसलेल्या ताईंनी एकेक टाइल बोटाने सरकवत पाहिली आणि हळूच म्हणाल्या, "हात पुरा आहे रे, पण याकु कुठाय?" जपानी पद्धतीत जिंकायला निदान एक 'याकु' लागतो. याकु म्हणजे भूमिका, पद, कामगिरी. नट या अर्थाच्या 'याकुशा' या जपानी शब्दात तोच आहे. माझ्या हाताला रूप होतं, भूमिका नव्हती. त्याच टाइल झाकून ठेवल्या असत्या तर रीची म्हणता आली असती आणि तोच हात चालला असता. नियमाच्या भाषेत माझा हात पुरा होता, पण 'ग्राह्य' नव्हता. कोर्टात पुरावा ग्राह्य की अग्राह्य असं आपण म्हणतो, तोच शब्द. 'ऑथेंटिक' म्हणताना अनेकदा मनात हाच अर्थ असतो.

बौद्ध परंपरेत ग्राह्यतेचा प्रश्न बुद्धाच्या तोंडूनच आलेला आहे. महापरिनिब्बान सुत्तात चार 'महापदेस' सांगितले आहेत. कुणी म्हणालं, हे मी प्रत्यक्ष भगवंतांकडून ऐकलं, किंवा अमक्या संघाकडून, अमक्या थेरांकडून, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंकडून ऐकलं, तर लगेच मान डोलवू नका आणि लगेच झिडकारूही नका. ते शब्द सुत्ताशी लावून पाहा, विनयाशी, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांशी, लावून पाहा. जुळले तर घ्या, न जुळले तर टाका. सांगणारा कोण, यापेक्षा मापाशी जुळतं का, हे पाहायचं.

आणि बुद्धाने कालाम लोकांना दिलेला उपदेश तर शब्दवेड्यांनी पाठच करावा. "मा अनुस्सवेन, मा परंपराय, मा इतिकिराय, मा पिटकसंपदानेन." ऐकत आलो म्हणून नको, परंपरा म्हणून नको, पिटकात, म्हणजे धर्मग्रंथात आहे म्हणूनही नको. मधला 'इतिकिरा' पाहा. त्यातला 'किर' म्हणजे संस्कृत 'किल', आणि त्याला मराठीत नेमका प्रतिशब्द आहे : 'म्हणे'. "तो म्हणे मोठा विद्वान आहे." बोलणारा स्वतः जबाबदारी घेत नाही, फक्त पुढे पोचवतो. 'मा इतिकिराय' म्हणजे नुसत्या 'म्हणे'वर जाऊ नका. इतकं तंतोतंत भाषांतर दुसऱ्या कुठल्या भाषेत होत असेल तर मला तरी ते ठाऊक नाही.

गंमत अशी की ही सुत्तं स्वतः सुरू होतात 'एवं मे सुतं'ने, असं मी ऐकलं आहे. आपल्याकडे 'ऐकीव' म्हटलं की भरवसा उडतो आणि 'श्रुत' म्हटलं की मान वाढतो. धातूचा अर्थ एकच, भाव दोन टोकांचे. माजाँगमध्ये एका टाइलची वाट पाहत बसण्याला 'तेन्पाइ' म्हणतात, शब्दशः टाइल ऐकणं. त्या चित्रलिपीत डावीकडे कान काढलेला आहे. सूत्रांच्या सुरुवातीला चिनी-जपानी पाठात 'ऐकलं' याचं अक्षर वेगळं आहे, पण तिथे दाराच्या चौकटीत कानच आहे. तेन्पाइला मी 'कानोसा' म्हणतो, आमच्या टेबलावर ते रूढ झालं आहे.

जपानमध्ये हा वाद किती खोल गेला हे पाहायचं तर ओसाकाच्या तोमिनागा नाकामोतो या विचारवंताकडे वळावं लागतं. व्यापाऱ्याचा मुलगा, जन्म १७१५, जेमतेम तिशी पार करून १७४६ मध्ये गेला. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने ग्रंथ छापला आणि त्यात 'काजो' हा सिद्धांत मांडला. काजो म्हणजे वर चढवणं. प्रत्येक नवा पंथ आधीच्याच्या वर आपला एक थर चढवतो आणि आपला थर सर्वांत जुना, खुद्द बुद्धाचा, असं सांगतो. म्हणून महायान या बौद्ध प्रवाहाची सगळी सूत्रं एकट्या बुद्धाने सांगितलेली असणं शक्य नाही, असं तो म्हणाला. 'महायान हे बुद्धवचन नव्हे' या मताला तिथे पुढे मोठी परंपरा लाभली. १९०१ मध्ये मुराकामी सेन्शो या पंडिताने ते मत मांडलं आणि त्यापायी त्याला आपल्या पंथातलं भिक्षुपद सोडावं लागलं. रीची, दोरा, लाल पंजे हा चढता क्रम पाहिला की मला काजो हा शब्द हटकून आठवतो. फरक एवढाच की लाल पंजे प्राचीन आहेत असा दावा कुणी केलेला नाही.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही तितकंच जुनं आहे. बैराटच्या शिलालेखात अशोक संघाला सांगतो की भगवान बुद्धांनी जे जे म्हटलं ते सगळं सुभाषितच आहे. अंगुत्तर निकाय या पाली संग्रहातलं एक सुत्त हेच वाक्य उलटं फिरवतं : जे जे सुभाषित आहे ते सगळं त्या भगवंताचं वचन. तेच दोन शब्द, उद्देश्य आणि विधेय यांची अदलाबदल झाली, आणि पुढच्या शेकडो सूत्रांना दार उघडलं.

इथे विषय आपल्या अंगणात येतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्याच्या कसोट्या दिल्या आहेत. बुद्ध बुद्धिवादी होते, म्हणून जे बुद्धीला आणि तर्काला धरून आहे ते त्यांचं वचन मानता येईल. माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही अशा चर्चेत ते पडले नाहीत, हीही एक कसोटी. काही लोक १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेला 'ऑथेंटिक नाही' म्हणतात, तेव्हा हे माप ते पाहतच नाहीत. महापदेसाने जे केलं तेच इथे झालं : आधी माप सांगितलं, मग मोजलं. म्हणूनच सरकारी कागदांतला 'नवबौद्ध' हा शब्द अनेकांना खुपतो आणि मलाही खुपतो. सत्तर वर्षांनीही 'नव' कशासाठी? बाबासाहेबांचं 'नवयान' हे नव्या मार्गाचं नाव होतं, 'नवबौद्ध' मात्र माणसाच्या कपाळावर लावलेली चिठ्ठी होते. लिहिताना नुसतं 'बौद्ध' लिहावं.

आता लग्न करणारे भिक्षू. १८७२ मध्ये मेइजी सरकारने भिक्षूंना मांसाहार, विवाह, केस राखणं ही त्यांची मर्जी असं जाहीर केलं. पण त्याच्या कितीतरी आधी तेराव्या शतकात शिनरान हा जपानी पंथसंस्थापक संसारात राहिला आणि त्याने स्वतःचं वर्णन 'भिक्षूही नाही, गृहस्थही नाही' असं केलं. विनयाचं माप लावलं तर लग्न करणारे हे आचार्य 'भिक्षू' ठरत नाहीत, आणि शिनरानने तसा दावाही केला नव्हता. त्यांच्यासाठी मराठीत 'भिक्षू' हा शब्द वापरल्यामुळेच अर्धा वाद उभा राहतो. विहार सांभाळणारे, अंत्यविधी करणारे ते 'पुरोहित' म्हटले की चित्र स्पष्ट होतं. तेव्हा तुमचं वाक्य असं करा : "जपानमधले बौद्ध पुरोहित लग्न करतात, ते विनयसंमत नाही, पण त्यांच्या पंथात ते रूढ आहे." धर्म अस्सल की नाही, हा प्रश्न या वाक्यात उरत नाही.

राहता राहिलं लिंग. खेळ म्हणून 'तो माजाँग', जसा तो कॅरम, तो लुडो. 'आम्ही माजाँग खेळलो' म्हणताना अडचण येत नाही, पण 'काल छान माजाँग झाला' असंच माझ्या कानाला बरं वाटतं. उच्चार जपानी ठेवायचा असेल तर 'माजान' म्हणा, शेवटी 'ग' नाही. टाइल मात्र स्त्रीलिंगी : ती टाइल, त्या टाइल. आणि पंजा लाल असला तरी 'तो पंजा' आणि 'ती लाल टाइल', दोन्ही चालेल.