कागद आपण गोळा करायचे

प्रिय बाळ,
सप्रेम आशीर्वाद.

उत्पन्नाचा दाखला न आणलेल्यांना तू परिपाठानंतर उभं केलंस आणि दुसऱ्या दिवसापासून सहावीतली एक मुलगी शाळेत आली नाही. यादी वरूनच मागितली होती, मग माझं काय चुकलं, असं तू विचारतेस.

यादी मागितली होती. पोरीला उभं करायला कुणी सांगितलं नव्हतं. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमात छडीबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. कायदा राहू दे बाजूला, एवढंच पक्कं धर: मुलानं आपली गरिबी चारचौघांत सिद्ध करायची नाही. कागद आपण गोळा करायचे.

तू म्हणशील, एवढ्याशा गोष्टीनं काय होतं? अगं, होतं. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमातींच्या आणि भटक्या-विमुक्तांच्या लहान मुलींना उपस्थिती भत्ता १९९२ साली ठरला, दिवसाला एक रुपया. पुढं कितीतरी वर्षं तो तेवढाच राहिला. त्या रुपयासाठी आईनं मजुरी बुडवून तहसीलला खेटे घालायचे? गणवेशाचंही तसंच. सगळ्या मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलग्यांना तो मिळायचा. बाकीच्या मुलग्यांना नाही. एकाच बाकावर एक नव्या शर्टात, दुसरा तसाच, आणि घरची परिस्थिती दोघांची सारखीच. २०२३ साली राज्यानं सगळ्यांना दिला. तोवर मी उरलेल्यांचे कपडे गावातून वर्गणी काढून शिवून घेतले. कुणाचे कुठून आले, हे वर्गात कधी कळू दिलं नाही. ‘बाई नियम मोडतात’ म्हणून माझ्यावर तक्रार झाली. होऊ दे. आज पुन्हा त्या जागी असते तरी तेच केलं असतं.

आपल्या बीडमध्ये तर हे जास्तच सांभाळावं लागतं. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, म्हणून नवरा-बायकोचा कोयता कारखान्यावर जातो, आणि धाकट्याला सांभाळायला थोरली बहीणही. मागं राहणाऱ्या मुलांना गावातच ठेवायचं ते हंगामी वसतिगृह, त्याची मंजुरी टोळ्या गेल्यावर आली तर काय उपयोग? अशाच उशिरात माझी सातवीतली एक पोर फडावर गेली, ती परत वर्गात आली नाही. तिचं अक्षर मला अजून आठवतं. त्यानंतर मंजुरीची वाट न बघता मी पोरांना आजी-आजोबांकडं ठेवून घेतलं, भाकरी आमच्या घरून गेली. तेव्हाही लोक बोललेच.

जी पोरं जातीलच, त्यांच्या हाती तिकडच्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी कार्ड दे. तिकडच्या शाळेनं शाळा सोडल्याचा दाखला मागून अडवलं, तर मुख्याध्यापकांना फोन तू कर. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे पाचव्या कलमात आहे. पण ते मुलाच्या बापानं का सांगायचं? तो फडात पहाटेपासून राबतोय. तू सांग. कागद आपले, धावपळ आपली.

आणि ‘पालकच उदासीन आहेत’ हे वाक्य पुन्हा मला लिहू नकोस. मला राग येतो.

आज शाळा सुटली की त्या सहावीतल्या मुलीच्या घरी जा. माफी मागत बसू नकोस, पोर आणखी संकोचेल. उद्या हजेरीपट तू सांभाळशील का, एवढं विचार. दाखल्यासाठी तलाठ्याकडं तिच्या आजीला धाडू नकोस, शनिवारी तूच जा. स्थलांतराची यादी दिवाळीच्या आत पंचायत समितीत दे आणि पोच घे. पोच मिळाली की मला कळव.

तुझ्या,
बाई