निपाणी-बेळगाव हायवेवर बाईक चालवणाऱ्यांना स्पीड कॅमेरे पटतात का? बेदरकार गाडीवाल्याची तक्रार पोलिसांत करावी का?

माझ्यापुरतं सांगायचं तर कॅमेऱ्याला विरोध नाही. चौपदरी रस्त्यावर बाईकला केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा ताशी 80. घाटात किंवा गावाजवळ पाटीवर कमी आकडा असेल तर तोच धरायचा. आणि 2021 पासून केंद्रीय मोटार वाहन नियम 167ए नुसार कॅमेरा असलेल्या जागी ठळक सूचनाफलक लागतो, चलानची नोटीसही 15 दिवसांत यायला हवी. फलकच नसेल तर तक्रार जरूर करा.

पण आमच्या मंडळींचा खरा राग वेगळा आहे. उसाच्या हंगामात संकेश्वर, चिकोडीकडे रात्री निघा. पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, बाहेर आलेला ऊस थेट हेल्मेटच्या उंचीला. तो ताशी वीसने चाललेला असतो, वेगाच्या कॅमेऱ्याला त्याचं काय! वंटमुरी घाटात वळणावर ओव्हरटेक करणारा कारवालाही वेग मर्यादेत ठेवून सहीसलामत सुटतो.

म्हणून तक्रार कराच. जिवावर बेतेल असं चालवत असेल तर बाजूला थांबून 112 लावा. गाडीचा नंबर, दिशा आणि जवळचं गाव सांगा. हेल्मेटवर कॅमेरा असेल तर तारीख-वेळेसकट मूळ फाइल जपून ठेवा, रील करून टाकू नका. एमएच-09 असो की केए-23, नंबरावरून मालक सापडतो, आणि गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारल्यावर सांगणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 133 प्रमाणे मालकाला भाग आहे. पाठलाग मात्र नको रे बाबा.