डबा कुठे ठेवशील?

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

गावासाठी मागवलेला रास्पबेरी पाय, म्हणजे तो तळहाताएवढा संगणक, आला, त्यावर किविक्स हे इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचायचं सॉफ्टवेअर चढवलंस, मराठी विकिपीडिया बिनारेंजचा उघडला, वाचून बरं वाटलं. पण पुढे विचारलंस, "आता आणखी काय काय उतरवून घेऊ?" तिथेच तुला थांबवतो. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसकट घेतलास तर शंभर जीबीच्या वर जागा खाईल, आणि पलूस तालुक्यातल्या तुझ्या गावात तो उघडणारा एखादाच निघेल. मराठी आहे तेवढा राहू दे. आता गावाकडचं आत घालायला लाग.

आधी हा डबा, म्हणजे तुझा पाय, कुठे ठेवायचा ते ठरव, म्हणजे गावकरी त्याच्या वायफायला फोन जोडून वाचतील. ग्रामपंचायतीला संध्याकाळी कुलूप लागतं, शाळेला सुट्ट्या असतात. मी दूध संकलन केंद्र म्हणेन. दोन्ही वेळा माणसं किटल्या घेऊन उभी असतात आणि फॅट लागेपर्यंत प्रत्येकाच्या हातात मोबाइल. मात्र एक तक्रार पहिल्याच दिवशी येणार. डब्याच्या वायफायला जोडलं की फोन "इंटरनेट नाही" म्हणतो आणि बऱ्याचदा गुपचूप सिमच्या डेटावर परत जातो. पान उघडत नाही, मग माणूस म्हणतो यंत्र बिघडलंय. भिंतीवर ठसठशीत लिही, "आधी मोबाइल डेटा बंद करा."

आता माल. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्या वर गेलं, हे पोराटोरांनाही पाठ आहे. पण पाणी किती चढलं की तुमच्या गावचा कुठला रस्ता तुटतो, जनावरं कुठल्या माळावर न्यायची, कोणत्या गल्लीत आधी शिरतं, हे कुठल्याच वेबसाइटवर मिळत नाही. म्हाताऱ्यांना ते माहीत असतं. त्यांच्याबरोबर गल्लीगल्ली हिंड. २००५ ला पाणी कुठवर आलं, २०१९ ला कुठवर, ते भिंतीवर हात ठेवून दाखवायला सांग, फोटो काढ, आवाज रेकॉर्ड कर. लिहून काढायच्या नादात पडू नको, बोलणं जसंच्या तसं ठेव. पुरात वीज आणि रेंज दोन्ही जातात, तेव्हा हाच डबा चांगल्या पॉवरबँकेवर काही तास निघतो. त्यासाठी तो केंद्रातून वेळेत उंचावर कोण हलवणार, हेही आत्ताच ठरवून ठेव.

हे फोटो व्हॉट्सॲपवर साधे मागवू नकोस. तिथे ते दाबले जातात आणि काढल्याची तारीखही निघून जाते. "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांग, नाहीतर केबल लावून घे. फाइलच्या नावातच गल्ली, विषय आणि तारीख टाक. किविक्समधला मजकूर नुसता वाचता येतो, त्यात गावाचं काही घुसडता येत नाही. तेव्हा गावाचं वेगळं फोल्डर आणि त्याला साधी चार पानं पुरेत.

परवानगी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच बोलून घे, म्हणजे ती त्यातच राहते. कुणाचा सातबारा, आजारपण, फोन नंबर आत जाता कामा नये. एखादी आजी झाडपाल्याचं औषध सांगेल आणि वर म्हणेल, "हे सगळ्यांना नको." मग नकोच. छापील पुस्तकं स्कॅन करायचा मोह आवर. लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क राहतो, तोवर विचारल्याशिवाय घ्यायचं नाही.

एसटीचं वेळापत्रक सगळे मागतील. मी ते पहिल्या वर्षी घालणार नाही. एकदा चुकीच्या वेळेवर माणूस स्टँडवर ताटकळला की पूररेषेवरही त्याचा विश्वास बसत नाही. घालायचंच असेल तर "अमुक तारखेला पाहिलं" असं वर लिही आणि दर महिन्याला बघणारा एक माणूस नेम. तो माणूस तू नसावीस. तुझी नोकरी लागेल, लग्न होईल, पुण्याला जाशील. दूध मोजणारं पोरगं चलाख असेल तर त्यालाच शिकव, त्याच्या हाताने चार फाइल चढवून घे.

वायर उपटून डबा बंद करायची सवय कुणाला लावू नको, आतलं मेमरी कार्ड बिघडतं. कार्डाची हुबेहूब प्रत करून दुसऱ्या घरात ठेव, नदीपासून लांबच्या. हळद काढणीच्या आधी चार माणसं बोलती झाली तर पुष्कळ, एकदा काढणीला लागले की कुणी हाताला लागत नाही.

पहिलं रेकॉर्डिंग झालं की मला पाठव. डॉक्युमेंट म्हणून.

तुझा,
काका