नवऱ्याचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात आहे. हॉस्पिसची (शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्यांची) मदत घेतली तर मी हात टेकले असं होईल का?

नाही हो ताई. मलाही तसंच वाटायचं, त्यात दोन महिने फुकट गेले. रात्री दोनला ह्यांना कुशीवर वळवताना माझीच कंबर धरायची, त्यांचं दुखणं तसंच. मग पॅलिएटिव्हची, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणारी, नर्स घरी आली. मॉर्फिनची गोळी दुखायची वाट न बघता ठरल्या वेळी द्यायची, सोबत पोट साफ व्हायचं औषध, एवढं तिने बसवून दिलं. चौथ्या रात्री हे सलग झोपले. (मी जागीच, सवय!)

पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र आहे, मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन हे हॉस्पिस. दोन्हीकडे पैसे घेत नाहीत. आधी नुसती फाईल घेऊन बोलून या. सासरचे कुरकुरतील, कुरकुरू देत.