विमानाच्या दिव्याला मायनसची वेगळी वायर कशाला?

प्रश्न : खानापूरजवळच्या आमच्या शेडमध्ये मी दोन सीटचं किट विमान जोडतोय. सांगाडा स्टीलच्या नळ्यांचा, पंखांवर कापड अजून चढायचंय, इंजिन रोटॅक्स 912. डाव्या पंखात लँडिंग लाइट (उतरतानाचा दिवा) आणि टॅक्सी लाइट (विमान जमिनीवर चालवतानाचा दिवा) बसवायचे आहेत. आमचे ऑटो इलेक्ट्रिशियन ट्रॅक्टर-ट्रॉलीचं वायरिंग करतात. ते म्हणतात, 100 वॉटचे दोन हॅलोजन लावा, प्लसच्या वायरी ओढा आणि मायनस बॉडीला द्या. चालेल का? वायर किती जाड घेऊ? आणि दिवे असले की अंधार पडल्यावर उतरता येईल का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो जिवाशी संबंधित आहे. नाही, उतरता येणार नाही. आपल्या देशात व्हीएफआर उड्डाणाला, म्हणजे डोळ्यांनी बाहेर बघत केलेल्या उड्डाणाला, सूर्यास्तानंतरच्या 20 मिनिटांपासून दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाआधी 20 मिनिटांपर्यंत परवानगी नाही. दिवे लावले म्हणून हा नियम सैल होत नाही. तरीही दिवे लावाच, पण ते तुम्ही दुसऱ्याला दिसावं म्हणून. हिवाळ्यातलं सकाळचं धुकं आणि ऊस तुटल्यावर पाचट पेटवल्याचा धूर यात समोरून येणारं लहान विमान नजरेला येतच नाही, दिवा मात्र येतो.

आता हॅलोजनचं. तुमच्या इंजिनाचा अंगचा जनरेटर 5800 आरपीएमला सुमारे 250 वॉट देतो. उतरताना थ्रॉटल मागे असतो, म्हणजे दिवे लागतात नेमके तेव्हाच तो सगळ्यात कमी देतो. दोन हॅलोजन 200 वॉट खाणार. रेडिओ आणि बाकीचं सगळं बॅटरीच्या जिवावर. सरळ एलईडी घ्या, 30 वॉटच्या आसपासचे. एक दिवा साधारण अडीच अँपिअर ओढेल.

वायरीचा हिशेब यातूनच निघतो. पॅनेलपासून दिव्यापर्यंत 5 मीटर धरा, परतीचे 5, एकूण 10. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीत या लांबीला 0.18 ओहमच्या आसपास रोध येतो. हॅलोजनचे 8 अँपिअर त्यातून गेले की जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच खपतात आणि फिलामेंटचा उजेड तब्बल तीस टक्क्यांनी पडतो. एलईडीला त्याच वायरीत अर्ध्या व्होल्टच्या आत काम भागतं. 12 व्होल्टच्या विमानात सतत चालणाऱ्या भारासाठी विमानाच्या कामात धरली जाणारी मर्यादाही तेवढीच आहे. वायर मात्र टेफ्झेल या उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या आवरणाची घ्या. घरगुती पीव्हीसी वायर जळली तर तिचा विषारी धूर कॉकपिटमध्ये कोंडतो. फ्यूज बसबारला, म्हणजे जिथून सगळ्या वायरींना वीज वाटली जाते त्या पट्टीला, लागूनच बसवा. तो दिव्यासाठी नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो.

आता मायनस. तुमचे इलेक्ट्रिशियन ट्रॉलीसाठी सांगतात ते बरोबरच आहे, अख्खी चासी लोखंडाची असते. तुमचा पंख मात्र बोल्टने जोडलेला आहे. त्या सांध्यावर रंग असतो, ग्रीस असतं, आणि खानापूरचा पाऊस एकदा आत शिरला की थिंबलखाली (वायरीच्या टोकाच्या धातूच्या टोपीखाली) हिरवट थर धरतो. हवाई दलात इलेक्ट्रिकल फिटर होतो तेव्हा असे थर मी खूप खरवडलेत. दिवा आधी मंद होतो, मग लुकलुकतो, आणि दोष सापडत नाही कारण जमिनीवर उभ्या विमानात मीटर सगळं ठीक दाखवतं. म्हणून दिव्यापासून फायरवॉलजवळच्या (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या पडद्याजवळच्या) एकाच अर्थ पॉइंटपर्यंत मायनसची स्वतंत्र वायर न्या आणि ती प्लसच्या वायरीला पीळ देत न्या. पीळ दिला की दोन्ही वायरींची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मारतात आणि होकायंत्र जागचं हलत नाही.

एलईडीची एक खोड आहे. तिच्या आतला ड्रायव्हर, म्हणजे करंट सांभाळणारं सर्किट, फार वेगाने चालू-बंद होत राहतो आणि त्याचा गोंगाट 118 ते 137 मेगाहर्ट्झच्या विमानी रेडिओत शिरू शकतो. हा रेडिओ एएमवर, म्हणजे लहरीची ताकद कमी-जास्त करून चालतो, त्यामुळे घरघर थेट कानात येते. बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या टॉवरचं बोलणं तिच्यात बुडालं तर दिव्याचा उपयोग काय? इंजिन बंद ठेवून रेडिओचा स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) उघडा, दिवा लावा, विझवा, ऐका. आवाज बदलला तर शील्डेड वायर टाका, तिचं शील्ड एकाच टोकाला अर्थ करा, दिव्याजवळ फेराइटची कडी चढवा. अँटेनाची केबल लांबच ठेवा.

जोड डाग देऊन करू नका. कथील वायरीच्या तारांमधून वर चढतं, तेवढा तुकडा कडक होतो आणि जिथे कडकपणा संपतो तिथेच कंपनाने एकेक तार तुटत जाते. चांगल्या क्रिंपिंग टूलने थिंबल दाबा, मग जोर लावून ओढून बघा. सुटायचं असेल तर ते तुमच्या हातात सुटू दे. पंखाच्या रिबमधून (आडव्या फासळीतून) वायर जाते त्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट लावा.

रोख ठरवायला संध्याकाळी विमान भिंतीसमोर आणा, उतरताना नाक असतं तसं धरा आणि लँडिंग लाइटचा अरुंद झोत त्या रेषेत बसवा. टॅक्सी लाइट पसरट आणि थोडा खाली. दोन्ही आळीपाळीने लुकलुकवायचे असतील तर इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या. मोटारसायकलचा जुना फ्लॅशर एलईडीच्या एवढ्याशा करंटवर चालत नाही.

हे सगळं कापड चढवायच्या आधी पूर्ण करा, आणि वायरीसोबत पंखातून एक रिकामा नायलॉनचा दोरा ओढून ठेवा. पुढेमागे वायर बदलायची झाली तर कापड फाडावं लागणार नाही.