टाको दुसऱ्या घासालाच फाटतो. धरायचा कसा आणि मागवायचं काय?

तुम्ही लिहिलंय की विद्यापीठाजवळच्या मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये मित्रांसोबत गेलात, टाको हातात घेतला आणि दुसऱ्या घासाला खालून फाटून सगळं ताटात सांडलं. यात तुमच्या हाताचा दोष थोडाच. फाटली ती टॉर्टिया, म्हणजे सारण गुंडाळायची मक्याची पातळ पोळी, आणि ती पिठामुळे फाटली.

बाजारातलं मक्याचं पीठ वेगळं आणि टॉर्टियाचं वेगळं. टॉर्टियासाठी मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याला निश्तमाल म्हणतात. नुसत्या दळलेल्या मक्याला गव्हासारखा चिवटपणा नाही, म्हणून त्याची भाकरी दुमडली की चिरते. चुन्यामुळे दाण्याची साल सुटते, सालीतला डिंकासारखा भाग मोकळा होतो आणि पीठ धरून राहतं. मक्यातलं ब-३ जीवनसत्त्वही त्यामुळेच अंगी लागतं. मका युरोपात पोचला पण चुन्याची रीत सोबत गेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे ब-३ च्या अभावाचा रोग झाला.

माझ्यासोबत काम केलेले एक शेफ अजून म्हणतात, 'मक्याच्या पिठात मूठभर मैदा घाल, कुणाला कळतंय?' कळतं. मैद्याने टॉर्टिया फाटत नाही हे खरं, पण गार झाली की चामड्यासारखी होते आणि भाजलेल्या मक्याचा वासच जातो. त्यापेक्षा असं करा.

1 किलो वाळका मका घ्या. स्वीटकॉर्न नको, त्यात स्टार्च कमी असतं. 3 लिटर पाण्यात 10 ग्रॅम खायच्या विझवलेल्या चुन्याची कोरडी पूड कालवा. भांडं स्टीलचंच हवं, ॲल्युमिनियमला चुना खातो. मंद आचेवर 45 मिनिटं शिजवून झाकून रात्रभर ठेवा. सकाळी दाणा चोळल्यावर साल निघायला हवी, पण तोडल्यावर आत खडूसारखा बारीक ठिपका राहू द्या. दोन-तीन पाण्यांनी धुवा. कमी धुतलात तर साबणासारखी चव येते, फार धुतलात तर डिंक वाहून जातो. रगड्यावर वाटताना पाणी चमच्या-चमच्यानेच घाला.

30 ग्रॅमचा गोळा प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये दाबून 14-15 सेंटीमीटरची टॉर्टिया करा. कडा चिरल्या तर पाणी कमी पडलंय, प्लास्टिक सोडत नसेल तर जास्त झालंय. तापलेल्या तव्यावर एक बाजू 20 सेकंद, दुसरी मिनिटभर, मग परत पहिली. फुगली की जमली. मग गड्डी फडक्यात गुंडाळून 10 मिनिटं ठेवा, लवचिकपणा त्या वाफेतच येतो. ही दहा मिनिटं गर्दीच्या वेळी स्वयंपाकघरात वाचवली जातात आणि त्यामुळेही तुमच्या ताटात टाको फाटतो.

आता तुमचा प्रश्न. टॉर्टिया इथेच करता का, हे आधी विचारा. मऊ टाकोत एकाखाली एक दोन टॉर्टिया हव्यात. मेक्सिकोत रस्त्यावर असंच देतात, एक भिजली तर दुसरी सांभाळते. एका वेळी दोनच टाको मागवा, कारण चार मिनिटांत खायचे असतात. आल पास्तोर, म्हणजे उभ्या गजावर भाजलेलं डुकराचं मांस असेल तर गज फिरतोय का बघा. लेबनॉनहून आलेल्या लोकांच्या शवर्म्यातून तो पदार्थ निघाला, त्यामुळे तव्यावर परतलेलं डुकराचं मांस म्हणजे आल पास्तोर नव्हे. चोरीसचा, म्हणजे डुकराच्या मसालेदार सॉसेजचा टाको दिसला तर तेल निथळलेलं आहे का विचारा. मेक्सिकन चोरीसो ओला आणि ताजा असतो. आपला गोव्याचा वाळवलेला चोरीस खारट, वर तेल सोडतो, आणि त्या तेलाने टॉर्टिया भिजते.

धरताना तीन बोटांत धरा, ताटावर वाका, आणि टाको आडवाच ठेवून मान तिरपी करा. साल्सा, म्हणजे तिथली चटणी, घासागणिक घाला. लिंबू आपलं कागदीच, तेच तिथेही पिळतात.

कुरकुरीत यू आकाराचा टाको मात्र अमेरिकेतला, तो फुटणारच.

एक सांगायचं राहिलं. मैद्याची टॉर्टिया ही काही लबाडी नव्हे. उत्तर मेक्सिकोत, सोनोराकडे, तीच खातात आणि बुरितोला, म्हणजे सारण भरून गुंडाळलेल्या मोठ्या टॉर्टियाला, तीच लागते. माझा राग फक्त मक्याच्या नावाखाली मैदा खपवण्यावर आहे. आणि घरी करणार असाल तर पानाच्या डबीतला चुना वापरू नका, त्यात पाणी किती ते कळत नाही, माप चुकतं. कळीच्या चुन्याला तर हातही लावू नका, पाणी लागताच तो उकळतो आणि डोळ्यांत उडतो.